तिसावा रोजा कंपनीच्या गेटवर

गुरुवारी ईदचा चंद्र दिसला नाही. आता चंद्रच तो, त्याला काय कंपनीची नोटीस लागू आहे? पण नागापूरच्या त्या नटबोल्टच्या कंपनीत सुट्ट्यांची यादी जानेवारीतच भिंतीला डकवलेली, आणि तीत लिहिलेलं: रमजान ईद, शुक्रवार. झालं! शुक्रवारी अख्खी कंपनी बंद, आणि शनिवारी, खऱ्या ईदच्या दिवशी, चालू.

पॅकिंगला काम करणाऱ्या बिल्किसनं त्याच रात्री मॅनेजर सुमंतसाहेबांना फोन लावला.

"साहेब, ईद शनिवारी आहे. माझी सुट्टी एक दिवस पुढं ढकला."

"यादी म्हणजे यादी. एका बाईसाठी बदलत बसू का? शनिवारी माल जायचाय. आली नाहीस तर पुन्हा येऊच नकोस."

मागच्या वर्षी हेच झालं होतं आणि ती मुकाट्यानं गेली होती. ऐन ईदला आठ तास खोकी भरली. संध्याकाळी मुकुंदनगरला घरी पोचली तेव्हा पाहुणे उठून गेलेले, पोरी नव्या कपड्यांतच झोपलेल्या. सासूनं झाकून ठेवलेला शीरखुर्मा पुढ्यात घेऊन ती ढसाढसा रडली होती. यंदा मात्र तिच्या डोक्यात तिडीकच गेली. सण माझा, सुट्टी माझ्या सणाची, आणि ती सगळ्यांनी उपभोगायची, मी सोडून? वा रे न्याय!

शुक्रवारी सकाळी साडेआठला ती गेटवर हजर. वॉचमन गहिनीनाथ चहा पीत होता, तो दचकलाच.

"अगं बाय, आज तुमचीच ईद ना? कंपनी बंद हाय."

"माझी ईद उद्या, नाना. मी कामाला आलेय. वहीत लिहा."

"कामच न्हाई तर काय लिहू?"

"आली, एवढंच लिहा. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. गहिनीनाथानं डोकं खाजवलं आणि लिहिलं.

ती पायरीवर बसली. ऊन चढलं, घशाला कोरड पडली, तिसावा रोजा कसला छळतो म्हणता! दुपारी पॅकिंगमधलीच भीमाबाई लेकाच्या मोटारसायकलवरून शिर्डीला निघाली होती, ती गेटवर थांबली.

"येडी का खुळी गं तू? तुझ्या ईदपायी मी शिर्डीला चालले, अन् तू हितं उन्हात!"

"जा की. बाबांना माझाही सलाम सांग."

भीमाबाईला हसू येईना. तिनं आपली छत्री बिल्किसच्या हातात कोंबली आणि गेली.

चारच्या सुमारास सुमंतसाहेबांची गाडी आली. गहिनीनाथानंच फोन केला होता, बिचारा घाबरला होता.

"काय तमाशा लावलायस?"

"काम मागतेय, साहेब. खोकी द्या, भरते. झाडू द्या, झाडते."

"आज सुट्टी आहे."

"कशाची?"

साहेब गाडीचं दार उघडायला वळले.

"सांगा ना, कशाची?"

"ईदची," साहेब पुटपुटले.

"मग ईद मुबारक, साहेब. तुमची झाली. माझी उद्या आहे, आणि उद्या मी येणार नाही."

"नोकरी जाईल, बिल्किस."

"जाऊ दे," ती म्हणाली. मान काही खाली गेली नाही. पाच वाजता सुटायच्या वेळेलाच ती उठली, वहीत 'गेली' लिहून घेतलं आणि इफ्तारला घरी पोचली.

शनिवारी ईदगाहवरून माणसं परतली, घर गजबजलं. पोरी बांगड्यांवरून भांडत होत्या. दहा वाजता फोन वाजला.

"मस्टरवर गैरहजर लावतोय," सुमंतसाहेब म्हणाले.

"लावा. शेजारी कारणही लिहा, ईद."

पलीकडे मस्टर मिटल्याचा आवाज आला. मग, "सोमवारी—"

"सोमवारी साडेआठला मी गेटवर असेन," बिल्किस म्हणाली. "हाकलायचं तर सगळ्या बायांसमोर हाकला, आणि का हाकलताय तेही मोठ्यानं सांगा. आता ठेवते साहेब, आज मला सुट्टी आहे."