पंखा थांबला तेव्हा

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही जुना कॉम्प्युटर समजाल. पण मी म्युझिक सर्व्हर आहे. घरातली सगळी गाणी माझ्या पोटात असतात. सांगाल ते गाणं मी स्पीकरकडे धाडतो.

मला या घरातल्या ताईच्या धाकट्या भावाने जोडलं. तो फ्रिज दुरुस्त करतो. ताई व्हायोलिन शिकवायची. बोटं आखडली आणि तिचं वाजवणं सुटलं, तेव्हा भावाने तिच्या तरुणपणीच्या वादनाच्या घरीच भरलेल्या कॅसेट माझ्यात उतरवल्या. दुपारी पडदे ओढून ती ऐकत बसे. सूर खोलीत धुक्यासारखे तरंगत आणि मलाही गुंगी येई.

मला थंड ठेवायला माझ्या आत एक छोटा पंखा होता. बिचारा इमानदार, पण सतत गुणगुणायचा.

"सूर हळू झाला की हा माशीसारखा मध्ये येतो. काढ बाई त्याला!" ताई एकदा वैतागली.

"काढतो. पण हा सर्व्हर तापला तर मला बोल लावू नकोस," भाऊ म्हणाला.

पंखा निघाला. माझ्या आत तळ्यासारखी शांतता पसरली. एक जुनी धून संपली आणि शेवटच्या सुरामागून बारीक आवाज आला, "दमलीस का गं? पाणी देऊ?"

ताई ताडकन उठली. तो त्यांच्या आईचा आवाज होता. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिचा आवाज घरात कुठेच जपलेला नव्हता. भाऊ हातातलं काम टाकून धावत आला. दोघं एकमेकांकडे न बघता ऐकत राहिली.

मग तीच धून दिवसभर वाजू लागली. धूळ बसू नये म्हणून ताईने मला काचेच्या कपाटात ठेवून दार लावलं. माया होती ती, पण माझा जीव गुदमरला. एका कडक उन्हाच्या दुपारी मी तापून मध्येच बंद पडलो.

"आई पुन्हा गेली का रे?" ताईने विचारलं.

भावाने मला उघडलं. "नाही गं, आवाज शाबूत आहे." आधी त्याने त्या आवाजाची दुसरी प्रत काढून ठेवली. मग म्हणाला, "मोठा पंखा बसवू या. सावकाश फिरतो, आवाज कमी करतो."

"कमी म्हणजे करतोच ना? आई किती हळू बोलते!"

भाऊ विचारात पडला. चार दिवसांनी त्याने मला ॲल्युमिनियमचं जाड कवच चढवलं. त्याच्या पाठीवर पातळ उभ्या पट्ट्या आहेत. त्यांतून उष्णता पंख्याशिवाय आपोआप बाहेर जाते. "पण याला कोंडायचं नाही आणि दिवसभर राबवायचं नाही," त्याने बजावलं. आता मी खिडकीजवळ, उघड्या फळीवर असतो. त्या जुन्या पंख्याचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. इतकी वर्षं त्यानेच मला जगवलं होतं.

मित्रांनो, जपणं म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. आम्हा यंत्रांची धूळ पुसा, भोवती हवा खेळू द्या. आणि घरातल्या माणसांचे आवाज आजच साठवून ठेवा. ताईला आईचा आवाज नशिबाने सापडला. नशीब दर वेळी इतकं दयाळू नसतं.