गांडुळांना घातलेलं लोणचं

सुहासिनीबाईंचं आणि त्यांच्या नातवंडांचं त्या शनिवारी सकाळीच वाजलं, तेही भाजीच्या सालांवरून. इथं परदेशात, पिस्कॅटवेत, आमच्या शेजारचं घर बाईंच्या मुलाचं, राजीवचं. त्याच्या गॅरेजात वीर आणि रुहीनं एका खोक्यात गांडुळं पाळली होती. खाली वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या, वर सालं आणि चहाचा चोथा, की झालं खत. पोरांच्या आईनं, दीपानं, अट एकच घातलेली: एक जरी गांडूळ बाहेर दिसलं तरी खोकं त्याच दिवशी घराबाहेर.

बाई मूळच्या तासगावकडच्या. त्यांच्या लेखी खोकं म्हणजे उकिरडा, आणि उकिरड्याला कसलं आलंय पथ्य? पोरं मात्र लिंबाची साल नको, कांदा नको, आमटी तर नकोच म्हणायची. "माणसापरीस किड्याचं कवतिक झालं की रं तुमास्नी," असं बाईंनी सुनावलं आणि आत गेल्या. तोंडाच्या फटकळ, पण अन्न टाकायचं म्हटलं की त्यांचा जीव तुटतो. गेल्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याला बुरा आला होता. ते कचऱ्यात टाकवेना. राजीव-दीपा आयसेलिनला वाणसामान आणायला गेलेले, पोरं मागे खेळत होती. बाईंनी अर्धी बरणी तेलामिठासकट खोक्यात उपडी केली आणि समाधानानं आडव्या झाल्या.

दुपारी रुहीची किंकाळी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मी धावले. खोक्याच्या भोकाभोकातून गांडुळं बाहेर पडत होती. काही जमिनीवर, काही गवत कापायच्या यंत्रावर, दोन तर दीपाच्या चालायच्या बुटात. "आजी, दे आर रनिंग अवे," म्हणून रुही रडत होती आणि वीर दोन्ही हातांनी झाकण दाबून बसला होता. मला हसू आवरेना. पण पोरांचे चेहरे पाहिले आणि गपगुमान बादली आणली.

बाईंनी पदर खोचला आणि बसकण मारली. एकेक गांडूळ अलगद उचलून पाण्यात खळबळायचं, नव्या ओल्या कागदावर ठेवायचं. "या गं बायांनो, चुकलंच माजं," असं त्यांच्याशी बोलणंही चालू होतं. तेवढ्यात गाडी दारात आली.

दीपानं आधी जमीन पाहिली, मग बूट. कुणी काय घातलं, असं तिनं विचारलं. पोरं खाली बघू लागली.

"पोरास्नी बोलू नगंस," बाई म्हणाल्या. "म्या घातलं. माजं लोणचं."

 दीपाचे ओठ थरथरले, तेव्हा मला वाटलं आता भडका उडणार. पण ती मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"आई, लग्न झाल्यापासून मी ते गोड मानून खातेय," ती म्हणाली. "नको म्हणायची मला कधी हिंमत झाली नाही. या गांडुळांना पहिल्याच दिवशी झाली."

बाईंच्या हातातलं गांडूळ हातातच राहिलं. "तुलाबी खारट लागतंय?"

"सगळ्यांनाच लागतं. राजीवला विचारा."

राजीवला तेवढ्यात डिकीत फार काम निघालं. त्यानं डोकं आत घातलं ते बाहेर काढलंच नाही.

"खोकं राहू दे," दीपा पोरांना म्हणाली. "या घरात खरं बोलणारं कुणीतरी पाहिजे."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात कैऱ्या चिरून झाल्या, तेव्हा मात्र त्यांनी दीपाला हाक मारली आणि मुठीतलं मीठ दाखवलं. एवढं घालू का, असं विचारलं. दीपानं भीत भीत अर्धं काढायला सांगितलं.

बाईंनी चिमूटभर काढलं.