छातीत बसणारा आवाज

तिला घरात सगळे धडाम म्हणत. लहानपणी डबे, बादल्या, कपाटाचं दार, हाताला लागेल ते बडवायची, म्हणून आईने वैतागून ठेवलेलं नाव. पुढे ती खरोखरच ड्रम वाजवायला लागली आणि नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. दादा बेस गिटार वाजवायचा, वहिनी गायची आणि मागे धडाम. बँड घरचा, त्यामुळे भांडणंही घरचीच.

मागच्या कार्यक्रमानंतर साउंडवाल्याने दादाला बाजूला घेतलं. "तुमचा बेस ड्रम पार बसलाय हो. पुठ्ठ्याचं खोकं बडवल्यासारखं वाटतं. मी इथून किती वाढवणार?"

दादाने जेवताना विषय काढला. "नवाच घेऊ आता. मोठ्या हॉलचा कार्यक्रम तोंडावर आलाय. आवाज कसा, खोल पाहिजे, आणि नेमका छातीत बसला पाहिजे."

"घेऊ की," धडाम म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

ड्रमला काही झालेलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. उन्हाळ्यापासून तिचा उजवा पाय तिचं ऐकेनासा झाला होता. जिना चढताना चप्पल मागेच राहायची आणि तिला वर पोचल्यावर कळायचं. बेस ड्रम पायाने वाजवायचा, पण त्याच्या पेडलवरचं पाऊल दाबायचं खरं, पण बळेबळे कामाला जुंपल्यासारखं, उशिरा आणि अर्धवट. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चप्पल निसटायला लागली, मग काठी आली, मग चाकांची खुर्ची. म्हणून तिने कुणाजवळ ब्र काढला नव्हता. नवा ड्रम खरंच जोरकस निघाला तर निदान हा कार्यक्रम निभावून जाईल, असं तिने मनाशी धरलं होतं.

वाद्यांच्या दुकानात मालक स्वतः पुढे आला. गलेलठ्ठ, हसरा माणूस, एकेकाळी स्वतः वाजवणारा. आवाज कसा हवाय ते ऐकून घेतलं आणि त्याने तीन ड्रम ओळीने मांडले.

"हा रुंद आहे, ह्याचा आवाज नुसता पसरतो. हा मधला, पण लांबीला जास्त, म्हणून खोल जातो. आत छोटी उशी ठेवली की घुमत राहत नाही, ठोका सुटा पडतो. बसा ताई, वाजवून बघा."

धडाम बसली. पहिला वाजवला. दादाने दाराजवळून नाही म्हणून मान हलवली. दुसरा वाजवला, तसाच. तिसऱ्याला तिने मांडीपासून जोर लावला, ओठ दाताखाली धरला. आवाज आला तो दमलेल्या माणसाने दार ठोठावावं तसा.

"सगळेच कसे मवाळ?" दादा म्हणाला.

"जरा उठता?" मालक स्टुलावर बसला आणि मधल्या ड्रमवर त्याने सहज पाय टाकला. काचेच्या कपाटातल्या वस्तू थरारल्या. दादाचा चेहरा उजळला. "हाच! हाच पाहिजे. धडाम, बस, आता तू वाजव."

ती बसली. तोच ड्रम, तेच पेडल, आणि आवाज पुन्हा पुठ्ठ्याचा.

मालकाने तिच्या पायाकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "पेडलची स्प्रिंग सैल असेल," तो उगाचच म्हणाला.

"मी बघतो." दादा खाली गुडघ्यांवर बसला. पेडलवरून तिचं पाऊल त्याने दोन्ही हातांनी उचललं, बाजूला ठेवलं, स्क्रू पिळला आणि पाऊल परत जागेवर ठेवलं. धडाम तेवढ्यात मालकाला उशीबद्दल काहीतरी विचारत होती. ती बोलता बोलता थांबली नाही, तिने खालीही बघितलं नाही.

दादा तसाच बसून राहिला. मग त्याने तिच्या बुटावर अंगठा जोरात दाबला.

"धडाम, मी आत्ता काय केलं?"

"स्प्रिंग आवळलीस ना?"

मालक मागच्या खोलीत निघून गेला. दादाचा आवाज बारीक झाला. "कधीपासून?"

तिने पाय स्टुलाखाली ओढून घेतला. त्याला रागही आला आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. "बाबांचं आपण दोघांनी बघितलंय. दोघांनी. आणि तू मला सांगत नाहीस?"

"बघितलंय म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे तिला ठाऊक होतं तेच सांगितलं. वडिलांचाच आजार. हळूहळू वाढेल, व्यायामाने आणखी हळू. गेलेला जोर मात्र परत येणार नाही.

वहिनी म्हणाली, कार्यक्रम रद्द करू. धडामने ऐकलं नाही. तिच्याकडेच शिकलेला लंबू होता, त्याला तिने बोलावलं आणि स्वतः त्याला घेऊन त्या दुकानात गेली. त्याला वाजवायला लावून ती दुकानाच्या पार टोकाला, पाठ करून उभी राहिली. कान शाबूत होते. दोनदा उशी बदलायला लावली, कातडं थोडं सैल करून घेतलं आणि मग म्हणाली, "हा बांधून द्या."

कार्यक्रमात ती साउंडवाल्याच्या शेजारी बसली. पहिल्याच गाण्यात ड्रम हवा तसा वाजला, खोल आणि नेमका. शेवटचं कडवं घेण्याआधी वहिनीने सवयीने मागे वळून पाहिलं. तिथे लंबू मान खाली घालून वाजवत होता. वहिनीचा सूर क्षणभर चुकला, मग तिने सावरून घेतलं.

"जरा कमी कर," धडाम साउंडवाल्याला म्हणाली. "गाणं दबतंय."

हॉल रिकामा झाल्यावर दादा ड्रम आवरत होता. "कसा वाटला?"

"आवाज बरोबर होता," ती म्हणाली. "मलाच तो ऐकवेना."

दादाने ड्रमची एक बाजू उचलली आणि दुसरी तिच्यासाठी सोडली. ती धरून दोघं गाडीकडे निघाली, तिच्या चालीने, दर पायरीवर थांबत.