ड्रायव्हरची बाटली

"मग, मामी काय म्हणाल्या?"

वायनरीच्या मालकीणबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या आणि बसभर पाहुणे समोर पेले पुढे करून उभे होते. तरी त्यांनी विचारलंच. दाराच्या चौकटीला टेकलेल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढून जरा वारा घेतला आणि म्हणाले, "छान आहे म्हणाली. हलकी आहे. सकाळच्या वाऱ्यासारखी."

"एवढंच?"

"एवढंच."

मालकीणबाई पुढच्या पेल्यात वाइन ओतायला वळल्या. मामांना घाम फुटला होता आणि तो काही नुसता उन्हाचा नव्हता. पाणी पिण्याच्या निमित्तानं ते बाहेर सटकले.

मामा म्हणजे उन्हाळ्यात वायनऱ्या दाखवत फिरणाऱ्या बसचे ड्रायव्हर. सकाळी शहरातून माणसं भरायची, उतारावरच्या द्राक्षमळ्यांमधून वळणं घेत एकेका वायनरीच्या दारात उतरवायची आणि दिवे लागायच्या आत परत सोडायची. जाताना ही माणसं फार गंभीर असतात. पेल्यात नाक खुपसतात, डोळे मिटतात, कुणाला लाकडाचा वास येतो, कुणाला व्हॅनिलाचा. दुसऱ्या वायनरीपर्यंत सगळे एकमेकांचे जिवलग होतात आणि तिसरीनंतर गाऊ लागतात. या वरातीत शुद्धीवर असतो तो स्टिअरिंगवरचा एकटा, कारण त्याला घोटभरही चालत नाही. म्हणून या भागातल्या वायनऱ्यांनी एक रीत पाडली होती. पाहुण्यांना जी वाइन चाखायला मिळते तीच ड्रायव्हरसाठी एका छोट्या बाटलीत भरायची, बूच मारायचं आणि निघताना त्याच्या हातात द्यायची. घरी जाऊन चाख, बाबा. बाकीचे ड्रायव्हर घराच्या दारात पोचायच्या आत तिचा निकाल लावत. मामा मात्र ती ओल्या फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवत आणि घरी नेऊन, मागच्या पायऱ्यांवर बसून, बायकोबरोबर पीत.

बायको शाळेचे गणवेश शिवायची. वाइनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण जिभेला हाड नव्हतं. एक घोट घ्यायचा, सुई दातांत धरावी तसे ओठ आवळायचे आणि मग सुरू. एका महागड्या लाल वाइनला ती म्हणाली होती, नव्या चपलांच्या दुकानात बसून फळं खाल्ल्यासारखं वाटतंय. एका पांढरीला अर्धवट वाळलेली चादर घडी घालून ठेवल्याचा वास होता. आणि गुलाबी वाइनबद्दल तर, "रंगाला भुलू नका. पाहुण्यांसमोर गोड बोलणारी जाऊ आहे ही. कडू लागते ती मागून."

हे वाक्य मामांनी न राहवून मालकीणबाईंना सांगितलं, आणि मग आपण कुठून तोंड उघडलं असं त्यांना झालं. पण मालकीणबाई इतक्या हसल्या की हातातली बाटली त्यांना खाली ठेवावी लागली. ती त्यांनीच बनवलेली वाइन होती. त्या दिवसापासून दर फेरीला मामींचं मत विचारायचा परिपाठच पडला. त्यांनी मामींना कितीदा बोलावणं धाडलं, पण मामी काही येईनात. "त्यांच्या दारात बसून त्यांच्याच मालाला नावं ठेवू? माझ्याच्यानं नाही व्हायचं ते," म्हणायच्या, "आणि तिथं जाऊन गप्प बसायचं, तर मग जायचं कशाला?"

गेल्या थंडीत ती गेली. साधा ताप म्हणून पडली आणि उठलीच नाही. मशीनवर अर्धा शिवलेला सदरा तसाच होता.

उन्हाळा लागला, बस सुरू झाली. पहिल्याच फेरीला मालकीणबाईंनी लांबूनच विचारलं, "मामी काय म्हणतायत?" आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे." खोटं बोलायचं काही मनात नव्हतं. सवयीनं जीभ वळली, एवढंच. पण त्या दिवशी घाट उतरताना मामांना कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. घरी कुणीतरी वाट पाहतंय, असं वाटलं. घरी कुणीही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही वाटलं. जगात निदान एक जागा अशी होती की जिथं ती अजून होती, घोट घेत होती, बोलत होती. मुलगी फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, आता कशाला ती बस? माझ्याकडे या." मामा म्हणायचे, सीझन संपू दे. खरं कारण पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

मग दर फेरीला काहीतरी सांगणं आलं. संध्याकाळी मामा पायऱ्यांवर बसत, पेला नाकाशी धरत आणि ती काय म्हणाली असती ते आठवू बघत. उभा जन्म तिची बडबड ऐकली होती, पण एक शब्द सुचेल तर शपथ. तेव्हा ते आपले चांगलं काहीतरी जुळवून नेत. मधासारखी आहे म्हणाली. फुलासारखी आहे म्हणाली. गेलेल्या माणसाच्या तोंडी वाकडा शब्द घालायला त्यांचं मन होत नव्हतं.

आजही तसंच निभावलं होतं. पण पाहुण्यांना तळघरातली पिंपं बघायला धाडून मालकीणबाई बाहेर आल्या आणि मामांना त्यांनी आत बोलावलं. यंदाची एक नवी वाइन त्यांनी पेल्यात थेंबभर ओतली. "प्यायची नाही, नुसती हुंगा," म्हणाल्या, आणि पेला त्यांच्याकडे सरकवायच्या आधीच थांबल्या.

"मामा, मामी माझ्यावर रागावल्यात का?"

"छे हो. का?"

"पूर्वी तीनातल्या दोन वाइनींची पिसं काढायच्या. या उन्हाळ्यात एकदाही नाही. सगळंच छान, सगळंच गोड. मामी असं बोलायच्या नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "बऱ्या आहेत ना?"

मामांना वेळ मारून नेता आली असती. तोंड आलंय, चव गेलीय, काहीही. खरं सांगितलं की ही जागाही संपणार होती, आणि ती त्यांना सोडवत नव्हती. पण आपण काय करून बसलो ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. तिला जिवंत ठेवायला गेलो आणि भलत्याच बाईला ठेवलं. ही गोडगोड बोलणारी कुणीतरी वेगळीच होती, आणि खरी ऐकती तर हिचीसुद्धा तिनं पिसं काढली असती. मामांना स्वतःची लाज वाटली आणि तिची फार आठवण आली.

"ती थंडीतच गेली, बाई," ते म्हणाले.

मालकीणबाई तिथल्याच एका खोक्यावर बसल्या. तळघरातून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता.

"मग ते सकाळच्या वाऱ्याचं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. त्यांचेही डोळे भरले होते, कधी न पाहिलेल्या बाईसाठी. थोड्या वेळानं त्यांनी तो पेला मामांच्या पुढ्यात सरकवला आणि विचारलं, "हिला काय म्हणाल्या असत्या?"

मामांनी पेला उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले. पुन्हा हुंगला.

"आवडली नसती तिला."

"का?"

मामा शोधत राहिले. "ते मला नाही येत. आवडली नसती, इतपत कळतं. पुढचं तिचं तिलाच यायचं." आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

जिन्यावर पावलं वाजली. पाहुणे वर येत होते, कुणीतरी गायलाही लागलं होतं. मालकीणबाई उठल्या, छोटी बाटली घेतली आणि तोंडाला नरसाळं लावून तीच नवी वाइन तिच्यात ओतू लागल्या. मामा बघत होते. बाटली निम्मी झाली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"पुरे, बाई. आता एवढीच भरत जा."

मालकीणबाईंनी बूच मारलं. मामांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवली, एका आजींना हात देऊन पायरी चढवली, डोकी मोजली आणि गाडी काढली. मागं गाणी रंगात आली होती. प्रत्येक वळणावर सीटखाली वाइन डुचमळत होती. इतक्या वर्षांत भरलेल्या बाटलीचा असा आवाज कधी आला नव्हता, आणि एवढ्या गोंगाटातही तो मामांना घाट संपेपर्यंत ऐकू येत राहिला.