बिनसाखरेचा चहा

मनाली नाशिकला काय शिकते, हे तिच्या आईला सटाण्याच्या बाजारात कुणाला धड सांगता यायचं नाही. कोर्सचं नाव तसं भारदस्त होतं, फिटनेस आणि आरोग्य संवर्धन. आई आपली सांगायची, डॉक्टरकीच्या शेजारचं काहीतरी करते. फोनवर मात्र ती अहिराणीत मनातलं बोलायची, "लोकेसना घर जाईसन उड्या माराले कालेज लागस का व माय?" मनाली समजावायची की उड्या हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. शरीरशास्त्र असतं, आहार असतो, माणसाला चांगली सवय लावायची कशी यावर तर एक अख्खा पेपर असतो. त्यावर आई म्हणायची, "बरं." आईचं 'बरं' म्हणजे पटलेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरगी मात्र गुणी. पहाटे उठणार, मैदानाला फेऱ्या मारणार, डब्यात मोड आलेली मटकी नेणार. तिच्यात एकच खोट होती आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी, कारण ही सगळी गोष्ट त्या खोटीपायीच घडली. तिला चहा लागायचा. तोही आलं घातलेला आणि चांगला गोड. कांद्याच्या खळ्यावर वाढलेलं पोर ते, तिथे साखर चमच्यानं थोडीच मोजतात! वर्गात साखरेच्या तोट्यांचा मोठा रंगीत तक्ता लावला होता. तो मनालीनंच रंगवलेला आणि रंगवताना शेजारी चहाचा ग्लास वाफाळत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

शेवटच्या सत्राला कॉलेजचा नियम असा, की प्रत्येकानं एका वस्तीत गट जमवायचा, दोन महिने त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, खाण्यापिण्याचं सांगायचं. शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन तो गट पाहणार. दहा जण तरी टिकले पाहिजेत, नाहीतर प्रकल्प बाद आणि पुढच्या वर्षी धाकट्या पोरांबरोबर पुन्हा तोच वर्ग. मनालीच्या वाट्याला नाशिकरोडकडची एक कॉलनी आली. बहुतेक घरं बौद्ध. कुणी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेलं, कुणी शिक्षक, कुणी महापालिकेत. कॉलनीच्या मध्यावर विहार आणि विहाराचा ऐसपैस हॉल. संध्याकाळी तो रिकामाच असायचा.

गट जमला तो चांगुणाबाईंमुळे. वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या बाई, पण ऑफिस काही अंगातून गेलं नव्हतं. त्यांनी घरोघरी निरोप धाडले आणि पहिल्याच संध्याकाळी हॉल भरला. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाला नुसतंच घरातून तासभर सुटायचं होतं. चांगुणाबाईंची सून पायल तेवढी तरुण, मेडिकल दुकानात काम करणारी. बायकांनी सुरुवातीला लाजत लाजत ओढण्या खोचल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच बायका भिंतीला टेकून खुर्चीविना बसायच्या आणि कोण आधी उठतं यावरून एकमेकींची टिंगल करायच्या. मनालीला वाटलं, अरे वा, आपल्याला जमतंय की.

मग तिनं साखरेचा विषय घेतला. चहात किती साखर जाते, वर्षाकाठी तिचा ढीग केवढा होतो, सगळं असं रंगवून सांगितलं की बायकांच्या अंगावर काटा आला. चांगुणाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी वर्ग संपल्यावर त्यांनी मनालीला आग्रहानं घरी नेलं. दिवाणावर नवी चादर, समोर चकचकीत ट्रे, ट्रेमध्ये ठेवणीतल्या कपबशा. "तुझ्यासाठी मुद्दाम बिनसाखरेचा केलाय हो," चांगुणाबाई कौतुकानं म्हणाल्या.

इथेच घोडं पेंड खात होतं. बिनसाखरेचा चहा मनालीच्या घशाखाली उतरत नसे. एकदा प्रयत्न केला होता, तर तोंड असं वाकडं झालं होतं की मैत्रिणींनी फोटो काढून ठेवला. आता काल एवढं भाषण ठोकल्यावर आज यांच्यासमोर तोंड वाकडं करायचं? काय सांगावं ते सुचेना, म्हणून ती पटकन बोलून गेली, "नको काकू, मी चहाच घेत नाही." पाणी आलं, तर सवयीनं आपली बाटली दाखवून तेही नको म्हणाली. हसून नमस्कार केला, खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर उभी राहून एक फुल गोड चहा मारला. बरं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी वर्गाला पाच बाया. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी हॉलच्या दाराला कुलूप, आणि किल्ली असणाऱ्या बाई गावाला गेल्याचं कळलं. मनालीनं फोन लावले. कुणाकडे पाहुणे होते, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाचा गुडघा अचानक सुजलेला. आपण व्यायाम फार कडक घेतला की काय, साखरेचं ऐकून बायका घाबरल्या की काय, अशा शंका काढून तिनं स्वतःचं डोकं पिकवलं. परीक्षक यायला आठवडाच उरला होता आणि गटात औषधालाही माणूस नव्हतं.

शेवटी ती पायलच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि सरळ विचारलं, माझं चुकलं काय? पायलनं आधी गोळ्यांच्या पट्ट्या नीट लावल्या. मग आवाज न चढवता म्हणाली, "आमच्या घरी तू चहा घेत नाहीस, पाणीसुद्धा घेत नाहीस. आणि दहा मिनिटांत टपरीवर उभी राहून चहा पितेस. मी गॅलरीतून बघत होते. यातून आम्ही काय समजायचं, तूच सांग."

मनालीला आधी काही उमगेचना. उमगलं तेव्हा कानशिलं तापली. मी तसली नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओठांवर आलेलं ते वाक्य तिथेच अडकलं, कारण गावाकडे चहा कुणाला कपात देतात आणि कुणाला गोठ्यालगत वेगळ्या ग्लासात, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पायलकडे मान वर करून बघवेना.

त्याच संध्याकाळी ती चांगुणाबाईंकडे गेली. त्यांनी बस म्हटलं, पंखा लावला, आईवडिलांची चौकशीही केली. या वेळी कुणी चहाचं नाव काढलं नाही. मनालीनं सगळं सांगून टाकलं. गोड चहाची सवय, तक्ता रंगवताना शेजारी असलेला ग्लास, तो मैत्रिणींनी काढलेला फोटो, काही म्हणजे काही लपवलं नाही. "तुमच्यासमोर मोठेपणा जायला नको म्हणून खोटं बोलले काकू. दुसरं काहीच मनात नव्हतं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, बाई हसतील आणि विषय मिटेल.

चांगुणाबाई हसल्या नाहीत. अगदी सहज, ऑफिसातला जुना किस्सा सांगावा तशा बोलल्या. "अख्खी नोकरी झाली माझी. डबा उघडला की सगळ्यांपुढे करायचे. कुणाला उपास असायचा, कुणाला ॲसिडिटी, कुणाचं आत्ताच जेवण झालेलं. त्यातल्या काहींना खरोखरच ॲसिडिटी होती गं. पण खरी असो की खोटी, कारणं तीच. आम्ही ओळखायचं कसं?"

मनाली म्हणाली, "मग आत्ता पिऊ का चहा? बिनसाखरेचाच द्या."

"आता पिशील तर मार्कांसाठी पिशील," चांगुणाबाई म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं खरं ते सांगितल्यासारखं. मनाली उठली, नमस्कार करून जिना उतरली आणि बसथांब्यावर येऊन ढसाढसा रडली.

तरी ती रोज संध्याकाळी कॉलनीत येत राहिली. कुणाला फोन केला नाही, परीक्षेचं नाव काढलं नाही. कुलपासमोर पायरीवर बसायची, तासभर थांबायची आणि परत जायची. आपण का येतो, हे तिचं तिलाही धड कळत नव्हतं. मार्कांची आशा तिनं सोडली होती. आपल्याविषयी या घरांत जे बसलं, ते तसंच बसून राहणार, याचं मात्र तिला फार वाईट वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या परीक्षक बाईंना रिक्षातून आणताना तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. गट मोडला, चूक माझी आहे, सत्र पुन्हा करीन. रिक्षा विहाराशी थांबली आणि ती वाक्यं म्हणायची वेळच आली नाही. हॉलचं दार सताड उघडं होतं. आत गटातल्या सगळ्या बाया ओढण्या खोचून रांगेत उभ्या होत्या, आणि पुढे चांगुणाबाई गळ्यात शिट्टी अडकवून. पायलनं मनालीला जवळ ओढून कानात सांगितलं, "आमच्या गच्चीवर रोज चालू होतं. आई म्हणाल्या, राग तिच्यावर आहे, गुडघ्यांवर कशाला काढायचा?"

परीक्षक बाई काटकुळ्या आणि कडक. त्यांनी बायकांना जिना चढायला लावला, भिंतीला टेकून बसायला लावलं, नाडी तपासली, आडवेतिडवे प्रश्न विचारले. बायकांनी एका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं दिली. वर्ग बंद असतानाही तुम्ही व्यायाम सोडला नाही, हे ऐकून बाईंनी पहिल्यांदा चष्म्यावरून मनालीकडे पाहिलं आणि सवय लावणं यालाच म्हणतात, असं म्हणून कागदावर काहीतरी लिहिलं. मनालीचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही.

कारण पायल ट्रे घेऊन आली. सगळ्यांना बिनसाखरेचा चहा वाटला गेला. परीक्षक बाईंनी घोट घेऊन कौतुकानं मान डोलावली आणि विचारलं, साखर सगळ्यांनीच सोडली का? गटाला जे सांगायचं ते आधी स्वतः पाळायचं, याला आमच्याकडे वेगळे मार्क असतात, असंही त्या म्हणाल्या. मनालीनं ट्रेकडे पाहिलं. एकच कप उरला होता आणि तो चांगुणाबाईंनी उचलून तिच्यापुढे धरला.

"तुझ्यात साखर आहे," त्या म्हणाल्या. हळू नाही, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात.

परीक्षक बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. मी चहाच घेत नाही, हे वाक्य पुन्हा म्हणायची सोय होती, आणि या वेळी त्याला मार्कही होते. मनालीनं कप घेतला. "मॅडम, मला साखरेशिवाय चहा जात नाही," ती परीक्षक बाईंना म्हणाली. "यांना सोडायला लावली, पण माझी अजून सुटलेली नाही." आणि सगळ्यांच्या देखत तिनं घोट घेतला.

परीक्षक बाईंनी खाली बघून कागदावर खाट् करून एक रेघ मारली. कॉलनीतल्या साऱ्या बायकांनी ती पाहिली. चांगुणाबाई खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसल्या, ऑफिसात साहेबांसमोर बसायच्या तशा ताठ.

"कापले ते कापले, बाकीचे नीट द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "हिची साखर आम्ही सोडवू. रोज येते ही आमच्याकडे."

मनालीला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही. पायल म्हणाली, आधी चहा संपव, निवतोय. तिनं संपवला. चांगुणाबाईंनी साखर चांगली खळ्यावरच्यासारखी घातली होती.