कोमट इंजिन आणि घट्ट हेल्मेट

विकत घेतली जाण्याआधीच एका बाईची झोप उडवणारी मोटारसायकल बोलतेय मी.

तेव्हा तिची-माझी ओळखही नव्हती. तरी ती म्हणे रात्र रात्र कूस बदलत एकच विचार करायची: शाळा सुटल्यावर आपली लेक सगळ्यात शेवटी उरते. बाकीची मुलं आपापल्या आईचं, आजोबांचं बोट धरून निघून जातात आणि आपली एकटी, दप्तर पोटाशी धरून, वॉचमनकाकांच्या बाकावर. दोन बस बदलून आई पोचेपर्यंत शाळेचा गलकासुद्धा घरी गेलेला असतो. "मोठेपणी तिला माझं एवढंच आठवेल बघ," असं ती नवऱ्याला म्हणायची. आणि गाडी घेऊ म्हटलं, की दुसरी काळजी उठून बसायची: ब्रेक लागला नाही तर?

हे मला कसं ठाऊक? माणसं गाडीसमोर काहीही बोलतात. गाडीला कान नसतात असा त्यांचा समज आहे. आरसे मात्र चांगले दोन लावतात.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पुढची आणि मागची हुबेहूब माझ्यासारखी, त्यामुळे लहानपणी मला स्वतःचं असं काही मतच नव्हतं. ते आलं घड्याळजींकडे. हे माझे पहिले मालक. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे त्यांनी मलाही एक मोठं घड्याळच मानलं. डोळ्याला भिंग लावून माझा प्लग पुसायचे. सकाळी किक मारून डोळे मिटून ऐकत बसायचे. "जरा पुढे पळतेय," म्हणायचे आणि एखादा स्क्रू पाव फेरा मागे घ्यायचे. माझा आवाज थोडा घोगरा आहे. मला तो रुबाबदार वाटतो. शेजाऱ्यांचं मत मी कधी विचारलं नाही.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यावर उशांचे अभ्रे वाळू लागले. एका मोटारसायकलीने आणखी कसले दिवस बघावेत?

मग तो दिवस आला. ती आणि तिचा नवरा मला बघायला येणार होते. घड्याळजींनी मला लख्ख पुसलं आणि परक्या माणसांसमोर खोकायला नको, म्हणून आधीच थोडा वेळ चालू करून ठेवलं. त्यांचा हेतू चांगला होता. घात तिथेच झाला.

ती आली ती थेट माझ्या इंजिनाला हात लावायला. लेकीचा ताप बघावा तसा. आधी तळहात, मग खात्रीसाठी उलटा हात.

"कोमट आहे," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"मग?"

"अरे, जुनी गाडी थंड असतानाच बघायची असते. सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर लोक आधीच तापवून ठेवतात. मी वाचलंय."

"तू गाडीवर बसण्यापेक्षा गाडीबद्दल वाचतेसच जास्त."

घड्याळजींना घड्याळाच्या आतलं ऐकायची सवय. हे तर उघड्यावर होतं. "बाई," ते म्हणाले, "लोकांना खरी वेळ कळावी म्हणून मी डोळे फोडून घेतले. मी तुम्हाला फसवेन? बसा आता. ही गार होईपर्यंत कुणी हलायचं नाही. चहा टाकतो."

बसले. चहा झाला. पुन्हा झाला. मधूनमधून ती उठून मला हात लावून जायची. मग घड्याळजी यायचे. शेवटी नवराही येऊन "उतरतोय, उतरतोय" म्हणून गेला. उभ्या जन्मात माझी इतकी विचारपूस कुणी केली नव्हती. लाजून मी आणखीच तापेन की काय, अशी मला धास्ती.

अखेर गार झाले. लग्नाआधी ती काकाची मोटारसायकल चालवायची, म्हणून किक तिनेच मारली. पहिल्या किकला मी नुसती शिंकले. दुसऱ्या किकला मी जीव एकवटला, आणि सुरू झाले. घड्याळजींनी डोळे मिटून शेवटचं ऐकून घेतलं.

"सकाळी चोक ओढायचा हिला," किल्ली देताना ते म्हणाले. "माझ्यासारखीच आहे. उठवल्या उठवल्या बोलत नाही."

मला एका दुपारात पसंती मिळाली. हेल्मेटला मात्र तीन फेऱ्या लागल्या. मी दुकानाबाहेर, काचेला दिवा भिडवून उभी.

पहिल्या फेरीत तिने एक डोक्यावर चढवलं. "हेच द्या. घातलंय असं वाटतच नाही."

"मान हलवा, ताई," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

तिने मान उजवीकडे वळवली. हेल्मेट समोरच बघत राहिलं.

"हे आरामशीर नव्हे, सैल आहे. गाल दाबले जायला हवेत. वापराने अस्तर बसतं मग."

तिने गाल दाबणारं घेतलं आणि सवय व्हावी म्हणून घरी ते घालूनच कपड्यांच्या घड्या केल्या. डोकं मागच्या बाजूला ठणकू लागलं. दुसऱ्या फेरीत बदलून नेलं. त्यानेही ठणकलं. "माझं डोकंच चुकीच्या आकाराचं असेल," ती तिसऱ्या फेरीत अगदी पडेल आवाजात म्हणाली.

बाईंनी तिच्या मागे जाऊन पाहिलं. "ताई, केसातला चिमटा आधी काढा."

दोन्ही निर्दोष हेल्मेटांच्या वतीने मी ते ऐकून घेतलं. लेकीने दिसलं ते पहिलं बेडकासारखं हिरवं हेल्मेट तोवर घातलंही होतं. ते तिने जेवतानाच काढलं, तेही सांगून सांगून.

आता मी त्यांच्या इमारतीखाली उभी असते. अंगावर अभ्रे नाहीत. वाचकहो, जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाला जरूर हात लावा. पण कोमट लागलं म्हणून लगेच कपट समजू नका. कुणीतरी निव्वळ तुमच्यासमोर तिची शोभा राहावी म्हणूनही तापवलेलं असेल.

लेकीला आणायला पहिल्या दिवशी आम्ही दोघी इतक्या जपून गेलो, की सायकलवरच्या एका आजींनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून "काही मदत हवीय का?" असं विचारलं. तरी शाळा सुटण्याआधी पोचलो. गेटवर सगळ्यात पहिली आई. तिने हेल्मेट काढलं. केस चप्प, गालांवर वळ, आणि डोळे भरलेले.

घंटा झाली. पहिल्या घोळक्यातच लेक आली. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वॉचमनकाकांच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"शेवटी राहतो त्यालाच काका गेटचं कुलूप लावू देतात," ती म्हणाली. "उद्या बसने ये."