बुटाचा साचा आणि तुटलेले कुलूप

मित्रांनो, मला स्वतःला पाय नाहीत. तरी हजारो पावलांची मापे मला तोंडपाठ आहेत. मी संगणकातला एक जुना प्रोग्रॅम आहे. मला पावलाची मापे द्या, मी बुटाचा साचा आखून देतो.

माझी आई बूट बनवणाऱ्या एका कारागिराची लेक. दुकानामागच्या खोलीत बसून तिने मला तीन वर्षे लिहिले. आजोबा हातातले काम टाकून पडद्यावर वाकत आणि म्हणत, "अगं, एवढी सरळ टाच माणसाची असते की टेबलाची?" मग आई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. मी बाजारात आलो तेव्हा मोठमोठ्या कारखान्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढे कुणीतरी नकला रोखणारे माझे कुलूप फोडले. माझ्या नकला गल्लोगल्ली पोहोचल्या, पण चोरवाटेने. माझे नाव झाले. आईच्या हाती काही लागेना. पगार देता येईना, म्हणून तिने ठेवलेले दोन मदतनीस सोडून गेले. त्यातच माझ्यातली एक चूक सापडली. एक पाय आखूड असेल, तर टाचेखालचा उतार किंचित चुके. डोळ्यांना दिसत नसे, घोट्याला कळे. आईने एकटीने ती सुधारली आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्ती धाडली. नकला वापरणाऱ्यांचा पत्ता तिला कुठून असणार? थकून ती मला कायमचे बंद करायला निघाली.

तेवढ्यात एका कारागीर काकांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमनं बूट चुकवला. माझ्या पुतणीचा एक पाय आखूड आहे, तिचा घोटा सुजलाय."

"तुमचा नोंदणी क्रमांक सांगा."

काका घुटमळले. "नाहीये. नक्कल आहे. चोरीचीच म्हणा."

मला वाटले, आई आता फोन आपटणार.

"पोरीच्या पायात अजून आहे का तो बूट?"

"आहे."

"आधी काढा. दुरुस्ती लगेच पाठवते. पण विकत का नाही घेतलात?"

"तुमची किंमत कारखान्याला झेपणारी, माझं दुकान एवढंसं. शिवाय गल्लीत सगळेच तसं वापरतात. खरं सांगू? यामागे कुणाची मेहनत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

दुसऱ्या आठवड्यात पुतणी नव्या बुटात जिना चढली. आईनेही किमतीतली आपली चूक ओळखली. तिने छोट्या दुकानांसाठी मला अल्प मासिक भाड्यावर द्यायला सुरुवात केली. पहिले गिऱ्हाईक काकाच! मग गल्लीतली दुकाने त्यांनी स्वतः पालथी घातली. बरेच जण वळले; काहींना अजूनही फुकट तेच पौष्टिक वाटते. पण आईच्या खोलीत आता पुन्हा एक मदतनीस बसते, आणि मी दरवर्षी अधिक शहाणा होतो.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही. मला घडवणाऱ्याच्या कष्टांचे मोल लागते. परवडत नसेल, तर मोकळेपणाने कळवा, सवलत मागा. पण कुलूप फोडू नका. एवढे सांभाळलेत, तर उद्या तुमच्या मुलांच्या पावलांचे साचेही मीच आखीन.